सातपूरच्या एका प्रयोगशाळेची ग्लायकोलिपिड तपासणी सेवा: काय हाती लागते आणि काय लागत नाही

कोंबडीच्या लहान आतड्याच्या अस्तरातील ग्लायकोलिपिडांची, म्हणजे शर्करा जोडलेल्या मेदद्रव्यांची, तपासणी नाशिकमध्येच करून मिळते, हे शहरातल्या बऱ्याच प्राध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना अजून ठाऊक नाही. सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका खासगी विश्लेषण प्रयोगशाळेने आपल्या दरपत्रकात ‘ग्लायकोलिपिड: काढणी, शुद्धीकरण व रचना-विश्लेषण’ अशी सेवा समाविष्ट केली आहे. माझ्याकडे जीवरसायनशास्त्राचा पदव्युत्तर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही ती घेतली. प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे मांडणार आहे त्या या एकाच ठिकाणच्या नाहीत. अशी सेवा देणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत त्या आढळू शकतात. माझे मत आधीच स्पष्ट करते. काढणी, शुद्धीकरण आणि वस्तुमानाचे मापन ही कामे येथे मनापासून आणि उत्तम होतात. परंतु अहवालात रेणूचे जे नाव छापून येते ते सर्व अंगांनी सिद्ध झालेले असतेच असे नाही, आणि हा फरक ओळखण्याची तयारी असेल तरच या सेवेचा पुरेपूर उपयोग होतो.

हा फरक का महत्त्वाचा आहे, हे समजण्यासाठी मूळ विषयाकडे थोडे जावे लागेल. आतड्याच्या पेशींच्या बाहेरील पृष्ठभागावर जी ग्लायकोलिपिडे असतात त्यांतील बहुतेक ग्लायकोस्फिंगोलिपिडे असतात. त्यांचा एक भाग सेरामाइडचा, म्हणजे स्फिंगोसीनसारखा लांब साखळीचा आम्लारी आणि त्याला अमाइड बंधाने जोडलेले मेदाम्ल यांचा असतो. तो पेशीपटलात रुतलेला असतो. दुसरा भाग शर्करांच्या साखळीचा असतो आणि तो आतड्याच्या पोकळीच्या बाजूला डोकावतो. जिवाणू, विषाणू आणि विषद्रव्ये याच साखळीला चिकटतात. ई. कोलाय या जिवाणूच्या पी-फिम्ब्रियांच्या, म्हणजे चिकटण्यासाठीच्या केसांसारख्या तंतूंच्या, टोकावरील पॅपजी हे प्रथिन दोन गॅलॅक्टोज शर्करांमधील आल्फा १→४ जोडणी ओळखते (आकडे हे जोडलेल्या कार्बनांचे क्रमांक, आल्फा-बीटा ही बंधाची दिशा). तेच दोन गॅलॅक्टोज आल्फा १→३ किंवा बीटा जोडणीने बांधलेले असतील, तर रेणूचे वस्तुमान तंतोतंत तेवढेच राहते, पण पॅपजीला हवी ती जागा तेथे नसते. पक्ष्यांमधील इन्फ्लुएंझाचे विषाणू आल्फा २→३ जोडणीच्या सियालिक आम्लाला, म्हणजे साखळीच्या टोकाच्या आम्लधर्मी शर्करेला, प्राधान्य देतात आणि माणसांतील विषाणू आल्फा २→६ जोडणीला, हेही याच प्रकारचे उदाहरण आहे. म्हणजे जीवशास्त्राचा खरा प्रश्न जोडणीत दडलेला असतो, आणि प्रयोगशाळेतील सर्वांत महागडे उपकरण नेमकी तीच गोष्ट थेट सांगत नाही. सिन्नर, दिंडोरी, निफाड या पट्ट्यातील कुक्कुटपालकांसाठी हा विषय पुस्तकी नाही. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुखाद्यात वापर करण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातल्यानंतर आतड्याचे आरोग्य औषधाविना कसे राखावे हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे, आणि जिवाणू आतड्याला कशाच्या आधाराने चिकटतो हे कळल्याशिवाय त्याला नीट उत्तर मिळणार नाही.

नाशिकमध्ये ही सेवा उभी राहू शकली याचे श्रेय द्राक्षांना द्यावे लागेल. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि त्यानंतर कीडनाशक अंश तपासणीचे महत्त्व जिल्ह्यातील प्रत्येक निर्यातदाराला पटले. त्या तपासणीसाठी लागणारी मिश्रणातील घटक वेगळे करणारी द्रव क्रोमॅटोग्राफी आणि रेणूंचे वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोड-उपकरणे आज अशा खासगी प्रयोगशाळांत असतात. द्राक्षांचा हंगाम सरला की त्यांच्यावरचा ताण कमी होतो, आणि अशा मोकळ्या काळात एखाद्या महाविद्यालयाचे काम घ्यायला प्रयोगशाळा तयार असते. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत नमुना दिला तर तो मागे पडणार हे आम्हाला कार्यालयात पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगण्यात आले, आणि त्या सल्ल्यानुसार आम्ही पावसाळ्यात नमुने दिले. कबूल केलेल्या मुदतीत अहवाल आला.

नमुना स्वीकारण्याची पद्धत मला फार आवडली. आतड्याचा तुकडा तसाच गोठवून आणला तर त्यात स्नायूंचा थर, पित्त आणि अर्धवट पचलेले खाद्य हे सारेच येते. त्यामुळे पक्षी कापल्यावर आतडे लगेच बर्फासारख्या थंड मिठाच्या द्रावणाने धुऊन, उभे चिरून, काचपट्टीच्या कडेने केवळ अस्तर खरवडून घ्यावे आणि ते द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावे, अशी लेखी सूचना त्यांनी आधीच पाठवली होती. द्रव नायट्रोजनची सोय आमची आम्हाला करावी लागली. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वापरतात तसा नायट्रोजन कंटेनर आम्ही तात्पुरता मिळवला आणि त्यातच नमुने सातपूरपर्यंत नेले. जेजुनम आणि इलियम हे लहान आतड्याचे भाग आणि सीका, म्हणजे आंधळे आतडे, यांचे नमुने वेगवेगळे ठेवावेत असाही त्यांचा आग्रह होता. तो योग्यच होता, कारण आतड्याच्या लांबीनुसार ग्लायकोलिपिडांचे प्रमाण बदलते आणि सगळे एकत्र केले तर हा बदल कायमचा हरवतो.

आमच्या एका विद्यार्थ्याला बदकाच्या आतड्याची तुलना करायची होती. तेव्हा पक्षी पाळीव आहे, जंगली नाही, असे लेखी निवेदन आणि खरेदीची पावती त्यांनी मागितली. नांदूर मध्यमेश्वरसारखे, महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असलेले पक्षी अभयारण्य ज्या जिल्ह्यात आहे तेथे हा आग्रह धरायलाच हवा. वन्यपक्ष्याचा नमुना आम्ही स्वीकारणार नाही, हे त्यांच्या स्वीकृती पत्रावरच छापलेले आहे.

काढणीचे काम कसे होते ते पाहण्याची परवानगी आम्हाला मिळाली आणि विद्यार्थ्यांना त्यातून जितके शिकता आले तितके वर्गात शिकवता आले नसते. कीडनाशक अंशांच्या तपासणीत वापरली जाणारी क्वेचर्स पद्धत अॅसिटोनायट्राइल आणि प्लास्टिकच्या सेंट्रिफ्यूज नळ्यांवर चालते. ग्लायकोलिपिडांसाठी क्लोरोफॉर्म आणि मेथेनॉल लागते, आणि क्लोरोफॉर्म प्लास्टिकमधून मृदुकारक पदार्थ ओढून आणते. पुढे वस्तुमानाच्या वर्णपटावर त्यांचे टोकदार शिखर उभे राहते. या प्रयोगशाळेने त्यासाठी काचेच्या नळ्या आणि टेफ्लॉन अस्तराची झाकणे यांचा वेगळा संच ठेवला आहे आणि तो द्राक्षांच्या कामात मिसळू नये म्हणून निराळ्या कपाटात ठेवतात. काढणी दोन टप्प्यांत झाली: आधी फोल्च, लीस आणि स्लोन स्टॅन्ली यांनी १९५७ मध्ये मांडलेले क्लोरोफॉर्म-मेथेनॉलचे २:१ मिश्रण, आणि मग उरलेल्या चोथ्यावर पाण्याचा अंश जास्त असलेले मिश्रण. दुसरा टप्पा अनेक ठिकाणी वगळला जातो. तो वगळला तर लांब साखळीचे, अधिक ध्रुवीय गँग्लिओसाइड (सियालिक आम्ल असलेली ग्लायकोलिपिडे) चोथ्यातच राहून जातात आणि अहवालात ते नाहीत म्हणजे आतड्यात नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

यानंतरचा टप्पा सौम्य अल्कलीच्या प्रक्रियेचा. मेथेनॉलमधील सोडियम हायड्रॉक्साइडने एस्टर बंध तुटतात, त्यामुळे ट्रायग्लिसराइड आणि बहुतेक फॉस्फोलिपिड नष्ट होतात. अमाइड बंध मात्र टिकतो, म्हणून स्फिंगोलिपिड शाबूत राहतात. मका आणि सोयाबीन यांच्या खाद्यातून येणारी वनस्पतींची गॅलॅक्टोलिपिडेही याच टप्प्यात निघून जातात, कारण तीही एस्टर बंधाचीच असतात. प्रश्न उरतो तो स्फिंगोमायलिन या शर्करा नसलेल्या स्फिंगोलिपिडाचा. ते अल्कलीला दाद देत नाही, त्याचे प्रमाण भरपूर असते आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ते कमी प्रमाणातील ग्लायकोलिपिडांचे संकेत दाबून टाकते. यावर सायतो आणि हाकोमोरी यांनी १९७१ मध्ये दिलेला उपाय म्हणजे सगळ्या ग्लायकोलिपिडांचे अॅसिटिलीकरण करून फ्लोरिसिलच्या स्तंभातून ती वेगळी करायची आणि मग अॅसिटिल गट काढून टाकायचे. काम वेळखाऊ आहे आणि दर ठरवताना ते टाळता येईल का असे आम्ही विचारलेही होते. तेथील ज्येष्ठ रसायनतज्ज्ञांचे उत्तर विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवले आहे: “मॅडम, हे टाळलं तर तुम्हाला अहवाल मिळेल, पण त्यात अर्धं स्फिंगोमायलिन असेल.” त्यांनी तो टप्पा केला, आणि त्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक आलेखात दिसला.

मला या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग वाटला तो सिलिका प्लेटवरील क्रोमॅटोग्राफीचा. डीईएई-सेफाडेक्सच्या स्तंभातून आधी उदासीन आणि आम्लधर्मी ग्लायकोलिपिडे वेगळी केली गेली. नंतर प्रत्येक गटाच्या प्लेट क्लोरोफॉर्म, मेथेनॉल आणि कॅल्शियम क्लोराइडचे विरल द्रावण यांच्या मिश्रणात चालवल्या गेल्या. एक प्लेट ऑर्सिनॉल आणि गंधकाम्लाने फवारून तापवल्यावर शर्करा असलेले सर्व पट्टे जांभळे होऊन वर आले. दुसरी रिसॉर्सिनॉलने रंगवली, तेव्हा सियालिक आम्ल असलेले पट्टे निळसर जांभळे झाले आणि बाकीचे फिकट तपकिरीच राहिले. तिसरी अॅझुर-ए या रंगाने, त्यात सल्फाटाइडचा, म्हणजे सल्फेट गट असलेल्या ग्लायकोलिपिडाचा, एकच पट्टा निळा उठून दिसला. तिन्ही प्लेटांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनी स्वतः ओळखले की कोणत्या पट्ट्यात गंधक आहे आणि कोणत्यात सियालिक आम्ल. ही रंगांची पद्धत जुनी आहे म्हणून हल्ली तिच्याकडे दुर्लक्ष होते, पण डोळ्यांसमोर उभा राहणारा असा पुरावा दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत मिळत नाही.

त्यांनी आणखी एक काम न मागता केले. सगळ्यांत वरचा, एकच शर्करा असलेला पट्टा ग्लुकोसिलसेरामाइड आहे की गॅलॅक्टोसिलसेरामाइड, हे वस्तुमानावरून कधीच कळत नाही, कारण ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन्हींचे वस्तुमान एकच आहे. बोरेट लावलेल्या सिलिका प्लेटवर मात्र दोन्ही वेगळे सरकतात, कारण गॅलॅक्टोजवरील शेजारच्या दोन हायड्रॉक्सिल गटांची मांडणी बोरेटशी अधिक घट्ट जुळते. त्या प्लेटवर आमच्या नमुन्यात दोन्ही सेरामाइडे असल्याचे स्पष्ट दिसले. गॅलॅक्टोसिलसेरामाइड असणे पुढच्या अर्थनिर्णयासाठी फार महत्त्वाचे ठरले, कारण सल्फाटाइड आणि जीएम४ हे गँग्लिओसाइड त्याच्यापासूनच तयार होतात. कोंबडीच्या अंड्याच्या बलकातही जीएम४ आढळते, त्यामुळे पक्ष्यांच्या ऊतींत ते शोधणे सार्थ आहे.

आता उपकरणाच्या कामाकडे येते. प्रयोगशाळेत ट्रिपल क्वाड्रुपोल आणि क्यू-टॉफ अशी दोन्ही प्रकारची मास स्पेक्ट्रोमीटर आहेत. ट्रिपल क्वाड्रुपोल हे कीडनाशकासारख्या ओळखीच्या रेणूंचे प्रमाण मोजण्यासाठी घेतलेले, पण त्याचा येथे केलेला वापर कौतुकास पात्र आहे. ऋण आयनांच्या पद्धतीत २९० एम/झेडचा (वस्तुमान भागिले विद्युतभार) तुकडा देणारे सर्व मूळ आयन शोधले की सियालिक आम्ल असलेली सगळी ग्लायकोलिपिडे एका झटक्यात समोर येतात. ९७ एम/झेड देणारे शोधले की सल्फाटाइड. आणि धन आयनांच्या पद्धतीत २६४ एम/झेड देणारे शोधले की नेहमीचे स्फिंगोसीन असलेली. त्यानंतर क्यू-टॉफवर एकेका आयनाचे अचूक वस्तुमान आणि विखंडन, म्हणजे तो फुटून होणारे तुकडे, पाहिले जाते. कामाचा हा क्रम शास्त्रशुद्ध आहे.

अडचण आली ती पहिल्या अहवालातील एका नावाने. आम्लधर्मी गटाच्या यादीत, ११६७.७ एम/झेडच्या आयनासमोर, ‘जीएम३, एन-ग्लायकोलिलन्यूरामिनिक आम्लयुक्त’ असे लिहून आले होते. जीएम३ हे एक गँग्लिओसाइड आहे आणि एन-ग्लायकोलिलन्यूरामिनिक आम्ल हे सियालिक आम्लाचे एक रूप. हे वाचताच शंका आली. सियालिक आम्लाचे हे रूप पक्षी स्वतः तयार करू शकत नाहीत, कारण त्यासाठी लागणारे सीएमएएच हे विकर त्यांच्यात नाही. गाय, डुक्कर, मेंढी यांच्या ऊतींत ते मुबलक असते. माणसातही ते तयार होत नाही, कारण आपल्यातील त्या विकराचे जनुक निकामी झालेले आहे. मग कोंबडीच्या आतड्यात हे कोठून आले?

उत्तर सेरामाइडमध्ये होते. एन-ग्लायकोलिलन्यूरामिनिक आम्लात एन-अॅसिटिलन्यूरामिनिक आम्लापेक्षा ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो, म्हणजे वस्तुमान १५.९९५ने वाढते. आतड्याच्या अस्तरातील ग्लायकोलिपिडांत हायड्रॉक्सी मेदाम्ले सर्रास असतात, आणि त्यांतही साध्या मेदाम्लापेक्षा ऑक्सिजनचा नेमका एक अणू जास्त असतो. त्यामुळे साध्या पामिटिक आम्लाचे सेरामाइड आणि ग्लायकोलिल रूपाचे सियालिक आम्ल असलेले जीएम३, आणि हायड्रॉक्सी पामिटिक आम्लाचे सेरामाइड व अॅसिटिल रूपाचे सियालिक आम्ल असलेले जीएम३, या दोन्ही रेणूंचे अणुसूत्र अगदी एकच येते. उपकरणाची अचूकता कितीही वाढवली तरी सूत्रच एक असेल तर मूळ आयनाच्या वस्तुमानावरून दोहोंत फरक करता येणार नाही. प्रयोगशाळेच्या संगणकीय संग्रहात सस्तन प्राण्यांचे रेणू भरलेले होते, आणि आज्ञावलीने वस्तुमान जुळणारे पहिले नाव छापले.

विखंडनाचा आलेख मागितल्यावर निवाडा सहज झाला. ग्लायकोलिल रूप असते तर ३०६ एम/झेडचा तुकडा आणि सियालिक आम्ल गेल्यावर ८६०.६चा अवशेष दिसायला हवा होता. आलेखात ३०६ला काहीही नव्हते. २९० ठळक होते आणि त्याच्या जोडीला ८७६.६ होते. म्हणजे सियालिक आम्ल अॅसिटिल रूपाचे आणि जास्तीचा ऑक्सिजन सेरामाइडमध्ये. प्रयोगशाळेने हे मान्य केले, सुधारित अहवाल विनाशुल्क दिला आणि यादीतील आणखी काही नावे स्वतःहून तपासून दुरुस्त केली. त्यांनी घेतलेली ही भूमिका मी सेवेची जमेची बाजू मानते. परंतु पक्ष्यांच्या ऊतींत कोणते रेणू असूच शकत नाहीत याची माहिती ज्याला नसेल, त्याच्या प्रबंधात हे चुकीचे नाव तसेच गेले असते आणि त्यावर पुढे कोणीतरी सिद्धांतही उभा केला असता. म्हणून येथून अहवाल घेणाऱ्याने प्रत्येक महत्त्वाच्या नावासोबत विखंडनाचा आलेख मागावा. तो त्यांच्याकडे असतो. ते आपणहून जोडत नाहीत, इतकेच.

दुसरी एक गोष्ट त्यांनी स्वतः पकडली आणि तिचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. एक शर्करा असलेल्या गटात ७१४.५ एम/झेडचा एक आयन होता. अहवालात त्याच्यासमोर ‘खाद्यातून आलेले असण्याची दाट शक्यता’ असा शेरा होता. सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या ग्लुकोसिलसेरामाइडमध्ये दोन द्विबंध असलेला स्फिंगॉइड आम्लारी असतो आणि तो प्राण्यांच्या नेहमीच्या स्फिंगोसीनपेक्षा वस्तुमानाने दोन एककांनी हलका असतो. आतडे कितीही धुतले तरी खाद्यातील असा अंश अस्तराला चिकटून राहतो. हाच विचार सियालिक आम्लाच्या बाबतीत सुरुवातीलाच झाला असता तर किती बरे झाले असते, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

उदासीन गटातील लांब साखळ्यांकडे येते, कारण सेवेची मर्यादा खऱ्या अर्थाने येथे उघडी पडते. कोंबडी ही फॉर्समन प्रतिजन असलेल्या प्राण्यांपैकी आहे. जॉन फॉर्समन यांनी १९११ मध्ये गिनीपिगच्या अवयवांचा अर्क सशाला टोचला असता मेंढीच्या तांबड्या पेशी फोडणारी प्रतिद्रव्ये तयार होतात असे दाखवले, आणि त्यामागचा पदार्थ पाच शर्करांचे ग्लायकोलिपिड असल्याचे पुढे सिद्ध झाले. त्याच्या टोकाला एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसामीनचे दोन रेणू असतात. त्यांतील टोकाचा आल्फा १→३ जोडणीने बांधलेला असतो. आमच्या नमुन्यात १४५२.८ एम/झेडला सोडियमयुक्त आयन मिळाला, जो तीन हेक्सोज (ग्लुकोज, गॅलॅक्टोजसारख्या शर्करा), दोन एन-अॅसिटिलहेक्सोसामीन आणि स्फिंगोसीन-पामिटिक आम्लाचे सेरामाइड यांच्याशी जुळतो. अहवालात सरळ ‘फॉर्समन ग्लायकोलिपिड’ असे नाव होते. विखंडनात दोन्ही हेक्सोसामीन टोकाकडून एकामागून एक गळताना दिसली, त्यामुळे क्रम फॉर्समनशी जुळणारा होता. पण टोकाची जोडणी आल्फा आहे की बीटा, १→३ आहे की १→४, यातले काहीही या आलेखातून सिद्ध होत नाही. चार शर्करांच्या गटात तर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. ग्लोबोसाइड, लॅक्टो, निओलॅक्टो आणि सियालिक आम्लाविना असलेले जीएम१, या चारही टेट्राओसिलसेरामाइडांत तीन हेक्सोज आणि एक हेक्सोसामीनच असते. पहिल्यात हेक्सोसामीन टोकाला असल्यामुळे ते विखंडनात वेगळे ओळखता येते. उरलेल्या तिघांच्या टोकाला गॅलॅक्टोज असते आणि साध्या विखंडनावरून त्यांचा निवाडा करणे धोक्याचे आहे.

यावर उपाय आहेत आणि ते येथे अंशतः मिळतात. फॉर्समनसाठी आम्ही प्लेटवरच प्रतिद्रव्य घालून पाहण्याची विनंती केली. प्लेटवर वेगळी झालेली ग्लायकोलिपिडे तेथेच प्रथिनाने ओळखण्याची पद्धत मॅग्नानी, स्मिथ आणि गिन्सबर्ग यांनी १९८० मध्ये कॉलराचे विषद्रव्य वापरून दाखवली होती. प्रयोगशाळेने ती कधी केली नव्हती. प्रतिद्रव्य आम्ही दिले आणि त्यांनी ती शिकून घेतली. पाच शर्करांच्या जागी पट्टा स्पष्ट उमटला, तेव्हाच आम्ही ते नाव प्रबंधात लिहिले. पूर्ण मेथिलीकरण करून शर्करांच्या जोडणीच्या जागा वायू क्रोमॅटोग्राफीवर ठरवण्याची सेवाही दरपत्रकात आहे, पण तिच्यासाठी शुद्ध ग्लायकोलिपिड बऱ्यापैकी प्रमाणात लागते आणि आतड्याच्या खरवडलेल्या अस्तरातून तेवढे मिळवायचे तर पक्ष्यांची संख्या पुष्कळ वाढवावी लागते. आम्ही ती घेतली नाही, म्हणून तिच्याबद्दल मत देत नाही.

आल्फा आणि बीटा यांचा शेवटचा निवाडा एनएमआर, म्हणजे आण्विक चुंबकीय अनुनाद, हे तंत्र करते. डायमेथिल सल्फॉक्साइडमध्ये थोडे जड पाणी मिसळून वर्णपट घेतला की प्रत्येक शर्करेच्या पहिल्या कार्बनवरील प्रोटॉन आपापल्या जागी दिसतो, आणि त्याच्या संकेताचे विभाजन ७ ते ८ हर्ट्झ असेल तर गॅलॅक्टोज किंवा ग्लुकोज बीटा जोडणीने, ३ ते ४ हर्ट्झ असेल तर आल्फा जोडणीने बांधलेले असते. एनएमआर या प्रयोगशाळेत नाही. आमच्याकडे नाही, पवईच्या आयआयटीतील सुविधेकडे अर्ज करा, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले आणि उरलेला शुद्ध अंश नायट्रोजनखाली वाळवून, काचेच्या कुपीत सीलबंद करून परत दिला. ग्राहक दुसरीकडे जाईल या भीतीने अर्धवट उत्तर देणाऱ्या सेवांचा अनुभव असलेल्या कोणालाही याचे महत्त्व पटेल.

दरांबद्दल थोडक्यात लिहिते. प्रत्येक टप्प्याचा दर वेगळा आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि शैक्षणिक संस्थेच्या पत्रावर सवलत मिळते. महाविद्यालयाच्या तुटपुंज्या प्रकल्प निधीत सर्व टप्पे बसत नाहीत. माझा सल्ला असा की पैसे कमी असतील तर वस्तुमानाच्या मापनातील नमुन्यांची संख्या कमी करावी, पण शुद्धीकरण आणि प्लेटांचे काम कमी करू नये. प्रयोगशाळेच्या दारात एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता ठळक अक्षरांत लावलेली आहे. ही मान्यता आयएसओ १७०२५नुसार ठरावीक चाचण्यांपुरती असते, आणि ग्लायकोलिपिडांची तपासणी त्या यादीत येत नाही. त्यांच्या अहवालावर या कामासाठी तो शिक्का नव्हता, म्हणजे त्यांनी नियम पाळला. विद्यार्थ्यांनी मात्र प्रबंधात ‘मान्यताप्राप्त चाचणी’ असा उल्लेख करू नये.

कर्मचाऱ्यांविषयी तक्रारीला जागाच नाही. विद्यार्थ्यांचे प्रश्न कितीही प्राथमिक असले तरी त्यांना उभ्या उभ्या वाटेला लावले गेले नाही. एका विद्यार्थिनीला त्यांनी प्लेटवर नमुना लावण्याचा सराव पुन्हा पुन्हा करू दिला, तिच्या हाताने पट्टा अरुंद आणि सरळ येईपर्यंत.

एक गोष्ट त्यांनी तातडीने सुधारायला हवी. अहवाल पीडीएफच्या स्वरूपात येतो आणि मूळ आकडेवारी मागितल्याशिवाय दिली जात नाही. मागितल्यावर ती मिळते, पण उपकरणाच्या कंपनीच्या खास स्वरूपात, जे महाविद्यालयातील संगणकावर उघडत नाही. एमझेडएमएल या खुल्या स्वरूपात ती रूपांतरित करून द्यावी अशी विनंती केल्यावर त्यांनी तीही मान्य केली, फक्त वेळ लागला. काम सोपवतानाच मागणीपत्रावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: एमझेडएमएलमधील मूळ आकडेवारी, नाव दिलेल्या प्रत्येक रेणूचा विखंडन आलेख, आणि उरलेला शुद्ध अंश परत. आकडेवारी किती काळ जपून ठेवतात हेही त्याच वेळी विचारावे, कारण द्राक्षांचा पुढचा हंगाम सुरू झाला की उपकरणाच्या संगणकावरील जुन्या फाइल हलवल्या जातात.